हिरवा जावई

पडद्यावर नवऱ्या मुलाने मटणाचा तुकडा तोंडाजवळ नेला आणि तो तिथेच थांबला. मागे गाणं चालू होतं, टाळ्या ऐकू येत होत्या, कोणीतरी पेला उंचावून लांबलचक शुभेच्छा देत होतं. फक्त बेकतुरचं तोंड उघडं होतं आणि तुकडा ओठांपासून बोटभर दूर. लग्नाच्या फिल्मा बनवणाऱ्या मेलिसने वाट पाहिली. मग चित्राने एकदम उडी मारली. आता तुकडा नव्हता, बेकतुरही नव्हता. त्या जागी त्याची जाडजूड आत्या नाचत होती. दोन पावलं नाचून तीही एका पायावर उभी राहिली.

“ही माझ्या मुलीच्या लग्नाची फिल्म आहे, की शाळेतल्या तक्त्यांचं प्रदर्शन?” मागून बेर्मेत-एजेंनी विचारलं.

बेर्मेत-एजे म्हणजे नवऱ्या मुलीची आई. अर्ध्या नारीन शहराला पदार्थविज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि सगळे त्यांना मानाने ‘एजे’, म्हणजे ताई, म्हणत. मेलिसलाही त्यांनीच शिकवलं होतं, आणि तो काय काय शिकला नाही हे त्यांना अजून नीट आठवत होतं. गेल्या शरदात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, गुलझादाचं, कोचकोरच्या बेकतुरशी लग्न झालं. लग्नाचा थकवा जायच्या आत दोघं कारखान्यातल्या नोकरीसाठी कोरियाला उडाली. मागे राहिली ती ही फिल्म. येत्या रविवारी कोचकोरहून व्याही आणि विहीणबाई घाट ओलांडून येणार होते, बेर्मेत-एजेंच्या घरी चहापाण्याला आणि फिल्म बघायला. तोवर एजे ‘सहज डोकावायला’ म्हणून रोज सकाळी मेलिसकडे येऊन बसत होत्या.

“एजे, जरासा घोटाळा आहे,” मेलिस म्हणाला. “कॅमेरा चित्रं घड्या घालून दाबून भरतो. इथे त्या घड्या कोणीतरी उलगडायच्या असतात. ते काम ग्राफिक्स कार्डाचं.”

“कुठंय ते कार्ड?”

“टेबलाखाली, या खोक्यात.”

“आणि करतंय काय?”

मेलिसने पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघितला. प्रोसेसर शंभर टक्के राबत होता, त्याचा पंखा बंब पेटल्यासारखा घोंगावत होता. कार्डाच्या पुढे शून्य होतं. कार्ड इतकं गार होतं की त्यावर किमिझची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, बाटली ठेवली असती तर नासली नसती.

“काही नाही,” तो म्हणाला.

“मग आणलंस कशाला?”

“मी तरी दुसरं काय विचारतेय, एजे!” न्हाणीघरातून आवाज आला, पाठोपाठ ओली चादर घमेल्यात आपटल्याचाही. ती नुर्झात, मेलिसची बायको. या हिवाळ्यात घरात वॉशिंग मशीन यायचं ठरलं होतं. आलं कार्ड. “नवीन कॅमेऱ्याची चित्रं फार जड आहेत, कार्डाशिवाय गत्यंतर नाही,” असं मेलिसने पटवलं होतं. तेव्हापासून नुर्झात चादरी जरा जास्तच जोरात आपटत असे.

कॅमेराही नवाच होता. तो हातात आल्या दिवशी मेलिसने त्याच्या यादीतला सर्वांत शेवटचा, सर्वांत लांब नावाचा पर्याय निवडला होता. एवढं लांब नाव म्हणजे चित्र सर्वांत भारी असणार, असा त्याचा हिशेब. लग्नात कोपऱ्यात तिवईवर जुना कॅमेरा उभा केला होता, आणि जवळची सगळी चित्रं त्याने या नव्या कॅमेऱ्याने स्वतःच्या हाताने घेतली होती.

एजे गेल्यावर त्याने राजधानीत, बिश्केकला, स्लावाला फोन लावला. स्लावा तिथे संगणक दुरुस्त करायचा आणि देशभरच्या लग्नवाल्यांच्या शिव्याशाप ऐकून घ्यायचा.

“सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंगवर टिक आहे का?” स्लावाने विचारलं.

“आहे.”

“काढ.”

“काढली.”

“आता परत लाव.”

“लावली.”

“काय झालं?”

“टिक लागली.”

“चित्राचं विचारतोय रे मी!”

चित्रातली आत्या अजून एका पायावरच होती. स्लावाने सुस्कारा सोडला. “कार्डाला चालवणारा ड्रायव्हर जुना असणार. नवा टाक. पाच मिनिटांचं काम.”

पाच मिनिटांच्या त्या कामात दुपार गेली. नवा ड्रायव्हर उतरवायला वेळ लागला, तो बसताना पडदा काळा झाला, आणि काळा झालेला पडदा इतका वेळ काळाच राहिला की मेलिसला त्यात स्वतःचं तोंड दिसू लागलं. ते बघवेना, म्हणून तो उठून चुलीत कोळसा घालून आला. परत आला तर पडदा उजळला होता. त्याने फिल्म चालू केली. बेकतुरने तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला, हसला. चित्र पाण्यासारखं वाहत होतं! मेलिस ओरडणारच होता, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की बेकतुर हिरवा आहे.

नुसती छटा नव्हे. लोणच्याच्या बरणीत आठवडाभर ठेवून काढल्यासारखा हिरवा. डोळ्यांचं पांढरं पिवळट, दात कोवळ्या वाटाण्यासारखे. नव्या कॅमेऱ्याची चित्रं तेवढी हिरवी होती. तिवईवरच्या जुन्या कॅमेऱ्यातले पाहुणे आपापल्या रंगात नाचत होते. जेवणाच्या हॉलची भिंत मालकाने मुळातच हिरवी रंगवलेली, त्यामुळे तिच्यावरून काही कळायची सोय नव्हती. मेलिस टेबलाखाली शिरला आणि कार्डाच्या तारा चाचपू लागला. कुठली तरी सैल असेल या आशेने तो बराच वेळ तिथे होता. बाहेर आला तेव्हा बेर्मेत-एजे परत येऊन खुर्चीत बसल्या होत्या. नुर्झातने त्यांना चहा दिला होता. त्या पडद्याकडे बघत होत्या, आणि वर्गात कोणी कॉपी करताना सापडला की व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“बरं आहे,” त्या म्हणाल्या. चहा संपवला, शाल घेतली आणि निघून गेल्या. मेलिसला वाटलं, सुटलो.

एजे अफवा पसरवणाऱ्यातल्या नव्हत्या. घरी जाऊन त्यांनी फक्त आपल्या बहिणीला विचारलं. ही बहीण दवाखान्यात परिचारिका. “माणसाचा चेहरा हिरवट, डोळे पिवळे, बाकीचे लोक मात्र ठीक, तर काय समजायचं?” बहीण म्हणाली, “यकृत.” कोणाचं, हे एजेंनी सांगितलं नाही. पण बहिणीलाही डोकं होतं. तिने खात्री करून घ्यायला आणखी कोणाला तरी विचारलं, त्या कोणीतरी बाजारात दुसऱ्या कोणाला, आणि संध्याकाळच्या गाडीतून ती बातमी घाट ओलांडून कोचकोरला पोचलीसुद्धा.

दरम्यान एजेंनी कोरियाला व्हिडिओ कॉल लावला. “बेकतुरला समोर बसव. जीभ दाखव म्हणावं,” त्यांनी लेकीला सांगितलं. कामगारांच्या खोलीतला दिवा पिवळा होता. त्यात बेकतुर, खोली, गुलझादा आणि मागचं कपाट असं सगळंच पिवळं दिसलं. एजेंच्या तोंडचं पाणी पळालं. आता मुलगीही!

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. सबिरा त्यांचं नाव. दोघी विहिणी एकमेकींना ‘कुदागी’ म्हणत. आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरूनही शब्द सुटू नये.

“कुदागी, माझ्या मुलाचं यकृत सडलंय असं तुम्ही गावभर सांगताय म्हणे?”

“मी असं कुठं...”

“रोगी मुलगा तुमच्या गळ्यात बांधला, असंही म्हणालात म्हणे!”

“नाही हो कुदागी, मी फक्त फिल्म बघितली...”

“हो ना? मग रविवारी आम्हीपण बघतो की. चहा ठेवू नका. मेंढी कापू नका. फिल्म तेवढी लावा!”

एजे तडक मेलिसकडे आल्या. आज त्या बसल्या नाहीत. सगळी हकिगत उभ्यानेच सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, “रविवारी माझा जावई गुलाबी पाहिजे.”

“एजे, तो गुलाबीच आहे! मी स्वतः बघितलाय लग्नात.”

“तुझ्या बघण्यावर कोण विश्वास ठेवणार? गुलझादाला आयुष्य त्या बाईच्या घरात काढायचंय, मेलिस. कोरियाहून परत येतील तेव्हा त्याच उंबऱ्यातून आत जाईल ती. तिच्या सासूच्या मनात हे राहिलं तर...” त्या थांबल्या. मेलिसने त्यांना वर्गात कधी वाक्य अर्धवट सोडताना बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून मेलिसची अन्नावरची वासना उडाली. जुना ड्रायव्हर परत टाकला. बेकतुर गुलाबी झाला, पण तुकडा पुन्हा ओठांपासून बोटभर दूर थांबला. मधला ड्रायव्हर टाकला. बेकतुर अर्धा गुलाबी आणि अर्धा हिरवा झाला, नाकाच्या बरोबर मधोमध सीमारेषा. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, तर त्याने कुठलंच लग्न ओळखायला नकार दिला. कार्ड उपसून काढलं, फुंकलं, कापडाने पुसलं, परत बसवलं. एकदा तर त्याने खोक्यावर हलकेच थोपटलं, घोड्याच्या मानेवर थोपटतात तसं. पंखा आणखी जोरात घोंगावला. फिल्म थेट काढून घ्यायचा प्रयत्न केला, तर ती बरोबर बेकतुरच्या तुकड्यापाशी येऊन अडायची आणि सॉफ्टवेअर आपोआप बंद व्हायचं, निरोपसुद्धा न घेता.

“सगळ्या फाइली सोप्या प्रकारात बदलून घे ना,” स्लावा फोनवर म्हणाला. “वेळ लागेल, पण होईल.”

वेळ लागला. झालं मात्र नाही, कारण मध्येच डिस्क भरली. जागा करायची तर काहीतरी पुसायला हवं. बाकीची लग्नं लोकांची. आपली अशी एकच फिल्म होती, मेलिस आणि नुर्झातच्या स्वतःच्या लग्नाची. मेलिसने तिच्यावर बोट नेलं. मागे कोणीतरी उभं आहे असं वाटून वळला. नुर्झात पिळलेली चादर खांद्यावर टाकून उभी होती.

“बाकी काय पुसायचं ते पुसा,” ती म्हणाली. “ती ठेवा. त्यात तुम्ही भर पंगतीत उभं राहून म्हणालाय, माझ्या बायकोला गार पाण्यात हात घालू देणार नाही. पुरावा आहे तो.”

मेलिसने बोट काढून घेतलं. मग टेबलावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. नुर्झातने चादर खुर्चीवर टाकली, त्याच्या पाठीवर ओला हात ठेवला. हात बर्फासारखा होता. त्याला वाटलं, आपण फोटोग्राफर व्हायला नको होतं. मेंढपाळ व्हायला हवं होतं. मेंढीला ड्रायव्हर नसतो.

रविवारी सकाळी, व्याही कोचकोरहून निघाल्याचं कळल्यावर, त्याने स्लावाला शेवटचा फोन केला. मदत मागायला नव्हे. कोणाला तरी शिव्या द्यायच्या होत्या म्हणून. स्लावाने त्या शांतपणे ऐकल्या आणि विचारलं, “एक सांग, कॅमेऱ्यात कुठलं सेटिंग ठेवलं होतंस?”

“सगळ्यांत शेवटचं.”

“नाव वाच.”

मेलिसने ते लांबलचक नाव वाचलं.

“अरे देवा,” स्लावा म्हणाला. “हे आधी नाही का सांगायचं! हा प्रकार तुझ्या कार्डाला येतच नाही.”

“म्हणजे बिघडलंय?”

“बिघडलंय कसलं, ठणठणीत आहे. दुसरं काहीही दे, उलगडेल. हा एकच प्रकार त्याला बनवताना शिकवलेला नाही. नवा ड्रायव्हर टाकलास तेव्हा त्याने रंग अंदाजाने ठोकून दिले. उद्या त्याची आरती केलीस तरी उलगडणार नाही.”

“मग कोणाला येतो?”

“तुझ्या प्रोसेसरच्या पोटातच एक छोटं चित्रयंत्र असतं. फुकटात आलेलं. त्याला येतो. ते चालू आहे ना?”

मेलिसला आठवलं. कार्ड बसवलं त्या दिवशी, नव्या पाहुण्याच्या वाटेत कोणी नको म्हणून, त्याने ते फुकटचं यंत्र स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. त्याने संगणक बंद केला, चालू केला, संगणकाच्या मूळ सेटिंगच्या खोलवरच्या निळ्या पानात शिरला आणि ते यंत्र जागं केलं. मग सॉफ्टवेअरमध्ये उलगडायचं काम कार्डाकडून काढून त्याच्याकडे दिलं. बेकतुरने तुकडा तोंडात घातला. चावला. गिळला. हसला. गुलाबी, गुबगुबीत, कानांच्या पाळ्या थंडीने लाल. आत्या दोन्ही पायांवर नाचली. मेलिसच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी एजेंचा फोन आला. “घाट उतरलेत. ये.”

फिल्म काढून पेनड्राइव्हवर घ्यायला वेळ नव्हता. मेलिसने खोकं कांबळ्यात गुंडाळून तान्ह्या मुलासारखं छातीशी धरलं आणि नुर्झातने तारा गळ्यात घातल्या. बर्फावरून घसरत दोघं एजेंच्या घरी पोचली.

सबिराबाई टीव्हीच्या समोर बसल्या होत्या. अंगात कोट तसाच, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. चहाला हात लावला नव्हता. पावाचा कपचा तेवढा मोडला होता, कारण तेवढंही न करणं फारच झालं असतं. त्यांचे यजमान जुमाकादिर शेजारी टोपी मांडीवर ठेवून बसले होते. आपण घोड्यांविषयी बोलायला आलो असतो तर बरं झालं असतं, असा त्यांचा चेहरा होता. मेलिसने तारा जोडल्या.

बेकतुर पडद्यावर आला. तुकडा चावला, गिळला, हसला.

“कुदागी,” सबिराबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “हा कुठला रंग?”

“गुलाबी,” एजे म्हणाल्या.

“ऐकू नाही आलं.”

“गुलाबी!” एजेंनी वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं. “गुलाबी, कुदागी! माझी चूक झाली. मी माणसाकडे बघायचं सोडून पडद्याकडे बघितलं.”

सबिराबाईंनी वरचं बटण काढलं. मग दुसरं. कोट उतरला, तसा जुमाकादिर यांनी चहा ओढून घेतला. नुर्झात आत धावली. एजेंनी मेंढी कापायची नाही हे ऐकलंच नव्हतं, ती केव्हाची शिजत होती.

फिल्म पुढे सरकली. पाठवणी आली. गुलझादा गाडीपाशी गेली, वळली, बसली, दार लागलं, गाडी गेली. जुमाकादिर यांनी घसा खाकरला.

“एवढंच?” एजे म्हणाल्या.

“एवढंच होतं, एजे.”

“मागे घे.”

मेलिसने मागे घेतलं. गुलझादा वळली, बसली, गेली.

“तू काहीतरी कापलंस,” एजे म्हणाल्या. “ती थांबली होती इथे.”

“कोण?”

“गुलझादा. दाराशी. माझ्याकडे बघत. पहिल्या दिवशी फिल्म इथेच अडकली ना, तेव्हा ती अशी वळून उभी होती. माझा अख्खा चहा होईपर्यंत उभी होती. मी रोज तेवढ्यासाठी येत होते.” त्यांचा आवाज खाली गेला. “खऱ्या लग्नात मला दिसलीच नव्हती ती. मी चुलीपाशी होते. आता बघते न बघते तोच निघाली. हे काय करून ठेवलंस?”

“दुरुस्त केलं, एजे.”

“मग बिघडव.”

मेलिसने पडद्याकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. त्यासाठी ड्रायव्हर लागत नव्हता, टिक लागत नव्हती, स्लावा लागत नव्हता. चित्र थांबवायला एक कळ दाबायची असते. ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती. त्याने ती दाबली. गुलझादा दाराशी वळली आणि उभी राहिली. तिच्या डोक्यावरचा पांढरा रुमाल वाऱ्याने अर्धा उडालेला, तोंड किंचित उघडं, काहीतरी म्हणायचं राहून गेल्यासारखं. गाणंही तिच्यासोबत थांबलं. एजे बघत राहिल्या. सबिराबाई सरकत सरकत त्यांच्या शेजारी आल्या आणि एजेंचा हात हातात घेऊन त्याही बघत राहिल्या.

चहा गार झाला तेव्हा सबिराबाई म्हणाल्या, “बालाम, पोरा, माझा बेकतुरपण थांबव. गिळून झाल्यावर हसतो ना, तिथे.”

मेलिसने थांबवला. त्या मनसोक्त रडल्या. मग जुमाकादिर यांनी टोपी मांडीवरून डोक्यावर घेतली, पुन्हा मांडीवर ठेवली आणि हळूच विचारलं, हॉलच्या बाहेर त्यांचा काळा घोडा बांधलेला होता, तो कुठे आला आहे का. आला होता. तोही थांबला. मग आत्या. ती नंतर वारली होती म्हणून नव्हे, ती ठणठणीत होती, पण तिला कळलं असतं की घोडा थांबवला आणि तिला नाही. फिल्म दर दोन पावलांवर अडू लागली. मेंढी संपली, समोवार पुन्हा पुन्हा भरला, बाहेर अंधारून आलं, आणि लग्न अर्ध्यावरही आलं नव्हतं. इतकी सुंदर फिल्म नारीनमध्ये कोणी बघितली नव्हती, असं सगळ्यांचं एकमत झालं. मेलिस कोपऱ्यात खोक्याशेजारी बसून, सांगतील तिथे कळ दाबत होता. इतके दिवस जीव काढून पळवलेली फिल्म तो आता एकेक करून परत अडकवत होता.

आठवड्याभरात शहराच्या दुसऱ्या टोकाचे एक गृहस्थ दारात उभे राहिले. मुलाचं लग्न होतं.

“फिल्म चांगली पाहिजे,” ते म्हणाले. “बेर्मेत-एजेंकडे बघितली ना, तशी. थांबणारी.”

“थांबणारी?”

“हो. ती नुसती पळणारी नको, ती कोणीही करून देतो.” ते आत वाकून टेबलाखाली बघू लागले. “तुमच्याकडे म्हणे त्यासाठी खास कार्ड आहे?”

मेलिसने एकदा टेबलाखाली बघितलं.

“आहे,” तो म्हणाला.